उखळाचं चित्र ठेवायचं की काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका घरात आजीने सुरू केलेला कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आता नातवाच्या हातात आलाय. मसाला डंकावर कुटलेला, पाउच लाल-पिवळा, त्यावर उखळ-मुसळाचं चित्र आणि दुकानावर १९७४ साली पेंटरने रंगवलेली पत्र्याची पाटी. आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि पुढे दुबईला माल पाठवायचा बेत आहे. एका ब्रँडिंग स्टुडिओने काही लाखांचा प्रस्ताव दिला. त्यांच्या नमुन्यात उखळ गेलं, पिवळा गेला, पाउच राखाडी-काळा झाला, इंग्रजी नाव मोठं झालं आणि मराठी नाव त्याखाली बारीक अक्षरांत उतरलं. चुलतभाऊ म्हणतो, हेच काम ऑनलाइन दोन हजारांत होतं. नातवाने पत्र लिहून मला विचारलंय: हे स्टुडिओ नेमकं करतात काय, पैसे कशाचे घेतात, कोणाकडे जावं, आणि जुन्यातलं किती राखावं?

मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय. त्यातली बरीचशी मसाले, लोणची, पापड, फरसाण करणाऱ्या घरांबरोबर गेली. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. उखळ ठेवा. लाल-पिवळा ठेवा. आणि ज्या स्टुडिओने तुमचं नाव आधी मराठीत काढून दाखवलं नाही, त्याला काम देऊ नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. आता यामागची कारणं सांगतो.

कोणतंही काम हातात घेतलं की मी पहिले दोन दिवस कॉम्प्युटर उघडत नाही. गिऱ्हाईकाचा माल जिथे विकला जातो अशा तीन-चार किराणा दुकानांत जाऊन संध्याकाळी उभा राहतो. दुकानदाराला सांगून, गल्ल्याच्या बाजूला, कोणाच्या मध्ये न येता. संध्याकाळी सहा ते आठ दुकानात खरी गर्दी असते. त्या वेळी माणसं काय म्हणून वस्तू मागतात ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं. नाव घेऊन मागणारी माणसं वाटतात त्यापेक्षा फार कमी निघतात. ‘तो लाल पुडा द्या’, ‘बाईच्या चित्राचा’, ‘मागच्या वेळी नेला होता तो’, असंच जास्त ऐकू येतं. तुमच्या पत्रात तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात: ‘आमच्याकडे लोक उखळवाला मसाला म्हणूनच मागतात.’ माझ्या मते सगळ्या पत्रात हीच ओळ सर्वांत मोलाची आहे. गिऱ्हाईकाने स्वतःहून तुम्हाला एक नाव दिलंय आणि ते तुमच्या चित्रावरून पडलंय. पन्नास वर्षांत, जाहिरातीवर एक पैसा न घालवता. ते चित्र काढलं तर लोकांनी मागायचं काय?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका लोणच्याच्या कारखानदाराचं काम माझ्याकडे आलं. जुन्या बरणीवरचं लेबल भडक हिरवं होतं, कैऱ्यांचा ढीग, चार प्रकारची अक्षरं. मी ते सगळं काढून फिकट क्रीम रंगाचं, एका कैरीच्या रेषाचित्राचं, भरपूर मोकळी जागा असलेलं लेबल केलं. मालकांना आवडलं, माझ्या ओळखीच्या डिझायनरांना आवडलं. दोन महिन्यांनी मालकांचा फोन आला. गावाकडचे दुकानदार माल परत पाठवत होते. गिऱ्हाईक म्हणत होतं, हे डुप्लिकेट आहे, आम्हाला ओरिजिनल द्या. फिकट रंगाच्या लेबलामुळे आतलं लोणचंही कमी तिखट, कमी तेलाचं वाटत होतं. मसाला तोच, हात तोच, पण लोकांना चव बदलल्यासारखी वाटली. शेवटी आम्ही हिरवा परत आणला, कैऱ्या परत आणल्या, फक्त अक्षरं नीट केली आणि गिचमीड काढली. तो माल आजही त्याच लेबलात विकला जातो. त्या माणसाचं जे नुकसान झालं ते मी विसरलेलो नाही.

मोठ्यांच्याही हातून हे घडतं. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या कंपनीने आपला डबा बदलला. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं हे त्यांचं जुनं चित्र होतं. ते काढून रसाने भरलेला ग्लास दाखवला, नावाची अक्षरंही बदलली. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी उतरली आणि कंपनीला जुना डबा परत आणावा लागला. तिथलं गिऱ्हाईक काही अडाणी नव्हतं. दुकानाच्या फळीवर नजर दोन-तीन सेकंद फिरते, तेवढ्यात त्यांना आपलं संत्रं दिसलं नाही.

म्हणून चांगला स्टुडिओ आधी काय राखायचं ते शोधतो. एअर इंडियाचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये त्यांनी फ्युचरब्रँड या स्टुडिओकडून पूर्ण नवी ओळख करून घेतली. विमानांचे रंग, अक्षरं, चिन्ह, सगळं नवं. पण ते नवं चिन्ह आलं कुठून? विमानाच्या खिडक्यांभोवती ते पूर्वी जी झरोक्याची महिरप रंगवत, तिच्या टोकातून. लालही राहिला. ती रचना कोणाला आवडेल, कोणाला नाही, पण रीत बरोबर होती. जुन्या घरातली एक वस्तू उचलायची, ती घासून-पुसून नव्या घराच्या दर्शनी जागी ठेवायची. तुमच्या घरात ती वस्तू उखळ आहे. ते आत्ता आहे तसंच ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्या पाउचवरचं चित्र कोणीतरी कुठून तरी उचलून चिकटवलेलं आहे, मुसळ धरणाऱ्या बाईचा हात कोपरापाशी तुटल्यासारखा दिसतो. ते चित्र चांगल्या चित्रकाराकडून नव्याने काढून घ्या. सात-आठ जाड रेषांत बसेल, शिक्क्याएवढं लहान केलं तरी ओळखू येईल, खोक्यावर एका रंगात छापता येईल असं.

आता स्टुडिओ पैसे कशाचे घेतात? लोगो हा त्या कामाचा एक तुकडा झाला. नीट चालणारा स्टुडिओ आधी तुमच्याशी, तुमच्या दुकानदारांशी, गिऱ्हाईकांशी बोलतो. फळीवर तुमच्या शेजारी कोण उभं असतं ते पाहतो. मग नावाची अक्षरं, चिन्ह, रंग, पुढे लागणारा फॉन्ट, पाउचची मांडणी, खोकं, पाटी, बिलबुक, टेम्पोची बाजू, मोबाइलवरचं गोल चित्र, हे सगळं एका घरातलं वाटेल असं बसवतो. छापखान्यात उभा राहून रंग जुळवून घेतो. आणि शेवटी एक पुस्तिका देतो, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी नवा पाउच केला तरी तो भरकटत नाही. यातलं प्रत्येक काम वेगळ्या माणसाचं असतं. लाखांचा आकडा त्यातून येतो. प्रस्तावात मात्र या कामांची फोड करून मागा. फोड न देता एकच आकडा टाकणाऱ्याला विचारा की छपाईच्या वेळी तुमचा माणूस येणार का. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मला माणूस कळतो.

दोन हजारांच्या लोगोत यातलं काहीच नसतं. तिथे तयार चिन्हांच्या ढिगातून एक मिरची उचलून तुमच्या नावाशेजारी ठेवतात. तीच मिरची उद्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या मसाल्यावरही दिसू शकते, आणि ती तुमचीच आहे असं कोर्टात सिद्ध करणं अवघड. शिवाय तिथलं मराठी बहुधा मोडकं असतं: वेलांटी सुटलेली, रफार भलत्या अक्षरावर, जोडाक्षर पाय मोडून उभं. बऱ्याचदा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू न करताच मराठी मजकूर टाकलेला असतो. सेटिंग एका मिनिटाचं आहे, पण ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला काही बिघडलंय हे दिसतच नाही.

आणि इथे मी अक्षरांवर येतो. या सगळ्या व्यवसायात माझा जीव कशावर असेल तर तो यावर.

एक साधा शब्द घ्या: मसाले. तुमच्या पाउचवर तो येणारच. म-ला एक उभा दंड आहे, स-ला एक, त्यापुढे काना, तो तिसरा. आता ल. हिंदी वळणाचा ल घेतला तर त्यालाही उजवीकडे उभा दंड असतो, म्हणजे चार दंड झाले आणि शब्द कुंपणासारखा दिसायला लागला. आपला ल पाकळ्यांचा. दोन पाकळ्या आणि मधे दांडी. तो घेतला की चौथा दंड जातो, शब्द शेवटी गोलाईत मिटतो, आणि मात्रा त्या दांडीवरून मागे झुकते. तीन उभ्या फटक्यांनंतर एक वळण, तबल्याच्या तुकड्याला सम यावी तसं. चांगला अक्षरकार हे पाहतो आणि त्या पाकळ्यांत थोडा जास्त मांसलपणा भरतो, कारण शब्दाचा भार तिथे उतरतो. ‘सा’ आणि ‘ले’ यांच्या मधली पोकळी तो डोळ्याने मोजतो, मोजपट्टीने नाही. शिरोरेषा शेवटच्या अक्षरापुढे किती सोडायची हेही ठरवतो. केसभर जास्त झाली तरी शब्द घसरल्यासारखा वाटतो.

शहराबाहेर गेलात की मराठी पाट्यांवर हिंदी वळणाचा ल आणि श सर्रास दिसतो. रंगवणाऱ्याला दोष देऊ नका, फॉन्टमधून आपोआप तसं येतं. चांगल्या फॉन्टांत मराठीची रूपं ठेवलेली असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच ती उमटतात. राज्य शासनानेही २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असं सांगितलं आहे. तो निर्णय शासकीय व्यवहारासाठी, तुम्हाला सक्ती नाही. पण तुमचा मसाला या मातीतला आहे हे पाउचवर वेगळं लिहून सांगायची गरज नाही, ल सांगतो.

आता ‘कांदा-लसूण’ बघा. वर अनुस्वार, खाली दीर्घ ऊकार. म्हणजे देवनागरीला वरही जागा लागते आणि खालीही. इंग्रजी नावाच्या उंचीला मराठी नाव कापून बसवलं की मधली अक्षरं बारीक होतात, उकार चेपतो आणि मराठी बिचारं अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. तुम्हाला दाखवलेल्या नमुन्यात तेच झालंय. आधी इंग्रजी अक्षरं केली, ती मंजूर करायची ठरवली, आणि मग त्यांचेच तुकडे जोडून मराठी बनवलं. त्यांच्या ‘क’चं पोट इंग्रजी ओ कापून केलेलं आहे, तुमच्या नजरेलाही ते खटकलंय, म्हणून तर तुम्ही लिहिलंत की ‘काहीतरी परकं वाटतं’. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला असतो. त्यामुळे जाड-बारीक रेषांची दिशाच दोन्ही लिप्यांत निराळी पडते. इंग्रजीचे तुकडे जोडून मराठी होत नाही ते म्हणून. उलट्या वाटेने जा. मराठी नाव आधी पक्कं करा, त्याची जाडी, गोलाई, स्वभाव ठरू द्या, आणि मग त्याच स्वभावाचं इंग्रजी काढा. दुबईच्या पाउचवर इंग्रजी मोठं लागेल, ते मला मान्य आहे. पण ते तुमच्या मराठीचं भावंड वाटायला हवं.

अक्षराने बोलायचं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावं अशी लिहिली की नाटक विनोदी आहे, रहस्यमय आहे की घरगुती, हे शब्द वाचायच्या आत कळायचं. सकाळी पेपर आला की आमच्या घरी आधी नाटकांचं पान उघडायचं, आणि मी जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेत जायचं ठरवलं ते त्या पानामुळे. र. कृ. जोशी कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे शिक्षक. विंडोजवर देवनागरी दिसायला लागली ती त्यांच्या ‘मंगल’ या फॉन्टमधून. अच्युत पालव यांनी मोडीची वळणं अभ्यासून सुलेखन लोकांपर्यंत नेलं. आजचे अक्षरकार या सगळ्यांच्या खांद्यावर उभे आहेत.

आणि आजचं काम खरोखर अभिमान वाटावा असं आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फॉन्ट केले आणि मोफत खुले ठेवले. २०२२ मध्ये त्यांचा ‘अनेक’ आला, त्यात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन एकाच स्वभावात बांधल्या आहेत, जाडीही कमी-जास्त होते आणि रुंदीही. एका पाउचवर मराठी, कन्नड, इंग्रजी आणायचं असेल, आणि तुमच्या सांगलीच्या धंद्यात बेळगाव-विजापूरला माल जात असेल तर ते लागेलच, तर याहून सोयीचं साधन मला माहीत नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ तुम्ही रोज मोबाइलवर पाहता, त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. हे फॉन्ट घटक पदार्थांच्या यादीसाठी, कृतीसाठी, बिलासाठी बिनधास्त वापरा, परवाना मोकळा आहे. पण नावासाठी नको. ‘बलू’ इतका गोड आहे की आइस्क्रीमच्या गाडीपासून बालवाडीच्या फलकापर्यंत सगळीकडे पोहोचलाय. त्यात तुमचं नाव टाइप केलं तर ते त्या गर्दीत मिसळून जाईल. नाव हाताने काढून घ्या.

कोणाकडे जावं? मोठ्या स्टुडिओंची ताकद मोठ्या पसाऱ्यात दिसते. १९८९ मध्ये एनआयडीतून, म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून, आलेल्या मित्रमंडळींनी पुण्यात सुरू केलेल्या एलिफंट या स्टुडिओने ‘पेपर बोट’ या पेयांच्या ब्रँडची ओळख आणि पाउच केला. आमपन्हं आणि जलजीरा ही घरातली पेयं, पण पाउच असा की हातात घेतल्यावर लहानपणची सुटी आठवावी. चकचकाट टाळून त्यांनी मऊ, मंद पृष्ठभाग घेतला आणि साधी सपाट चित्रं. देशी चव आणि आजचं रूप एकत्र नांदू शकतं याचं ते चांगलं उदाहरण आहे, आणि तुम्ही ते हातात घेऊन बघावं म्हणून सांगतोय, नक्कल करावी म्हणून नाही. तुमच्या मसाल्याला तो मंद पृष्ठभाग चालणार नाही. तिखट मसाल्याला थोडी झळाळी लागते, तर्रीला लागते तशी.

बिनअक्षरांच्या चिन्हाचा मोह मात्र टाळा. १९७१ साली एनआयडीच्या शेखर कामत यांनी स्टेट बँकेसाठी निळं वर्तुळ आणि त्याला खालून एक काप एवढंच चिन्ह केलं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते ओळखता येतं. पण ते रुजलं हजारो शाखांच्या दारावर, पन्नास वर्षं लटकून. नवख्या चिन्हाला तेवढी पुण्याई नसते. तुमच्याकडे पन्नास वर्षांची पुण्याई आहे ती उखळाची.

तुमच्या धंद्याच्या आकाराला माझा सल्ला असा की एक चांगला अक्षरकार आणि एक लहान, चार-पाच माणसांचा पॅकेजिंग जाणणारा स्टुडिओ, अशी जोडी शोधा. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात अशी माणसं आहेत. त्यांची कामं मोबाइलच्या पडद्यावर बघू नका. पडद्यावर सगळंच देखणं दिसतं. त्यांनी केलेला, छापलेला, दुकानातून विकत आणलेला पाउच मागा. उलटून मागची बाजू पाहा. पुढची बाजू सगळेच मन लावून करतात. मागच्या बाजूचं मराठी नीट जुळवलंय का, ओळी श्वास घेतात का, घडीत मजकूर जातोय का, यावरून माणसाची शिस्त कळते. आणि त्या कारखानदाराला फोन करून विचारा, काम झाल्यावर हा माणूस फोन उचलतो का.

छपाईचा एक हिशोब कोणताही स्टुडिओ ठरवायच्या आधी समजून घ्या. तुमच्यासारखे पाउच बहुधा ग्रॅव्ह्युअर या छपाईच्या पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगाला एक वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंगांचा पाउच म्हणजे सहा सिलिंडर, आणि कांदा-लसूण, गरम मसाला, घाटी मसाला असे पाच प्रकार असतील तर तीस. डिझाइन करतानाच अशी मांडणी करून घ्या की लाल, पिवळा, पांढरा आणि उखळाची रेषा सगळ्या प्रकारांना सामाईक राहील आणि मसाल्याचं नाव, त्याचा रंग एवढ्यासाठीच सिलिंडर बदलेल. याने खर्चात जो फरक पडतो तो पाहून तुम्ही चकित व्हाल. छापखाना सहसा हे स्वतःहून सुचवत नाही. आणि पाउचला मसाला दिसणारी खिडकी ठेवायचा हट्ट धरू नका. उजेडात मिरचीचा रंग उडतो आणि तीन महिन्यांनी तीच खिडकी तुमच्याविरुद्ध बोलायला लागते. पहिल्या खेपेला सिलिंडर कोरूच नका. साध्या पाउचवर छापील लेबल लावून शंभर-दोनशे पुडे चार दुकानांत ठेवा, संध्याकाळी जाऊन उभे राहा, ऐका. मग कोरा.

कागदपत्रांचं बोलतो, कारण इथे माणसं फसतात. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं बहुतेकांना वाटतं. कायद्याने तसं नाही. बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतलेल्या लोगोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो, तो लेखी करून तुमच्या नावावर घ्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती फक्त पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही दुबईला निघालात, म्हणजे हे नेमकं तुमच्या मुळावर येणारं आहे. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द करारात असू द्या. मूळ फाइली आणि फॉन्टचे परवाने हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. हे मी स्वतः डिझायनर असून सांगतोय, कारण प्रामाणिक डिझायनरला यात अडचण नसते.

ट्रेडमार्कचा अर्ज नवा लोगो होईपर्यंत थांबवू नका. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. आज नावाचा शब्द म्हणून अर्ज करा, लोगो तयार झाला की त्याचा वेगळा. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, नोंदणी झाली की दहा वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण. नोंदणी होण्याआधी नावापुढे गोलातला आर लावू नका, कायद्याने त्याला मनाई आहे. पाउचच्या मागच्या बाजूला अन्नसुरक्षेचे नियम पाळावे लागतात. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला चालतं, त्याऐवजी नाही. बरेच घरगुती उत्पादक प्रेमाने सगळं मराठीत छापतात आणि मग अडकतात. हिरव्या ठिपक्याची आणि वजनाच्या आकड्यांची उंचीही ठरलेली आहे, ती डिझायनरच्या आवडीवर सोडू नका.

दुकानाच्या पाटीचं उलट आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावणं बंधनकारक झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले होते. म्हणजे तुम्हाला दाखवलेला नमुना, ज्यात मराठी खाली आणि बारीक, तो तुमच्या स्वतःच्या दुकानावर लावताही येणार नाही. त्यांना हे विचारा. मुंबईत त्या वेळी किती तरी देखण्या दुकानांनी घाईघाईने मराठी नाव तयार फॉन्टात टाइप करून चिकटवलं, ते आजही ठिगळासारखं दिसतं. आधीच मराठी काढून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.

लाखांचा प्रस्ताव झेपत नसेल तर काम टप्प्यांत करा. आधी नावाची अक्षरं आणि उखळाचं नवं चित्र. यात हात आखडू नका, तुमच्या बजेटमधला मोठा वाटा इथे जाऊ द्या. मग एकाच मसाल्याचा पाउच. तो फळीवर सहा महिने टिकला की बाकीचे. पुस्तिका, टेम्पो, वेबसाइट नंतर.

आणि एक काम उद्या सकाळी. तुम्ही लिहिलंय की रंगकाम काढलंय आणि पाटी उतरवून भंगारात द्यायची आहे. देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक कोपरा दिसतोय, त्यात ‘म’ची गाठ ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात वळवलेली आहे, रंग संपत आला तिथे रेष किंचित फाटली आहे, आणि तरी गाठ बरोबर मिटली आहे. असा हात आता सहज मिळत नाही. तुमच्या नव्या नावाची सुरुवात त्या ‘म’पासून होऊ शकते. पाटी ओल्या फडक्याने हलकेच पुसा, घासू नका. सावलीत, सकाळच्या उजेडात, अगदी समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून एकेका अक्षराचा वेगळा फोटो काढा. मग बटर पेपर लावून मऊ पेन्सिलीने अक्षरांच्या कडा उतरवून घ्या. आणि ती रंगवणाऱ्या पेंटरचं नाव घरातल्या कोणा थोरल्या माणसाला आठवत असेल तर ते त्याच कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवा.